फ्लॅग टॅगचा बँड नेमका काय सांगतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४६ किलोडाल्टन (प्रोटीनच्या वजनाचे एकक) वजनाच्या एका प्रोटीनच्या सी-टोकाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, फ्लॅग टॅग (ओळखीसाठी जोडायचा छोटा तुकडा) जोडला आणि त्याचे जनुक एचईके-२९३ या मानवी पेशींत घातले, म्हणजे ट्रान्सफेक्ट केले. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन्स जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवायची आणि अँटिबॉडीने शोधायची) फ्लॅगला ओळखणाऱ्या एम२ अँटिबॉडीने बँड येतो, पण ५२ च्या आसपास. आयपी केली, म्हणजे लायसेटमधून (पेशी फोडून काढलेल्या द्रावणातून) अँटिबॉडी लावलेल्या बीड्सनी प्रोटीन ओढून काढले, की ५० जवळ जाडजूड बँड दिसतो आणि तो रिकाम्या व्हेक्टरच्या (जनुक न घातलेल्या वाहक डीएनएच्या) लेनमध्येही तेवढाच असतो. पेशी रंगवल्या तर सगळी पेशीच उजळून निघते. अँटिबॉडी खराब आहे का? टॅग बदलून एचए किंवा हिस हा दुसरा टॅग घ्यावा का?

माझ्या मते तुमची एम२ व्यवस्थित चालते आहे. तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि टॅग बदलून त्यातली एकही आपोआप सुटणार नाही. त्यामुळे नवा कन्स्ट्रक्ट (टॅगसकट जनुकाचा डीएनए) बनवायला घेण्याआधी हे वाचा.

एक गोष्ट पक्की धरून चालायची: टॅगची अँटिबॉडी तुमच्या प्रोटीनला ओळखत नाही, ती फक्त टॅगला ओळखते. फ्लॅग म्हणजे आठ अमिनो आम्ले, डी-वाय-के-डी-डी-डी-डी-के. एवढा तुकडा जिथे आणि जसा असेल, तसा बँड येतो. तो तुकडा अख्ख्या प्रोटीनला जोडलेला आहे की तुटलेल्या शेपटाला, प्रोटीन नीट घडी घालून बसले आहे की गोळा होऊन पडले आहे, ते आपल्या जागी पोचले आहे की वाटेत अडकले आहे, यातले काहीही एम२ सांगू शकत नाही. ते तुम्ही कंट्रोल (तुलनेचे नमुने) लावून काढून घ्यायचे असते.

ही पद्धत आली तीच मुळी प्रत्येक नव्या प्रोटीनसाठी वेगळी अँटिबॉडी बनवण्याचा खटाटोप टाळण्यासाठी. १९८४ मध्ये मन्रो आणि पेलहम यांनी फळमाशीच्या एचएसपी-७० प्रोटीनला सब्स्टन्स पी या पेप्टाइडचा तुकडा जोडला आणि त्या तुकड्याविरुद्धच्या तयार अँटिबॉडीने प्रोटीन शोधून दाखवले. फ्लॅग १९८८ सालचा. तो निसर्गातल्या कुठल्या प्रोटीनमधून उचललेला नाही, मुद्दाम रचलेला आहे. पाण्यात राहणारा, प्रोटीनच्या पृष्ठभागावर उघडा पडणारा, आणि शेवटच्या डी-डी-डी-डी-के पाशी एन्टेरोकायनेज या एन्झाइमने कापता येणारा. त्याच्या तीन अँटिबॉडी चालतात आणि त्या एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. एम१ ला कॅल्शियम लागते आणि फ्लॅग अगदी एन-टोकाला (सुरुवातीच्या टोकाला), पुढे एकही अमिनो आम्ल नसलेला असा लागतो. एम५ एन-टोकाला मेथिओनिनसकट असलेल्या फ्लॅगसाठी. एम२ ला कॅल्शियम लागत नाही आणि फ्लॅग एन-टोकाला, सी-टोकाला किंवा मध्ये कुठेही असला तरी ती बसते. तुमचा टॅग सी-टोकाला आहे, म्हणजे एम२ हीच योग्य निवड. कुणी फ्रीजमधली एम१ उचलून ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन) असलेल्या बफरमध्ये वापरली तर ब्लॉट कोरा येईल आणि दोष प्रोटीनवर जाईल. म्हणून वहीत नुसते 'अँटी-फ्लॅग' लिहू नका. क्लोनचे नाव आणि लॉट नंबर दोन्ही लिहा.

आता पहिली तक्रार. ४६ चे प्रोटीन ५२ ला का धावते?

एसडीएस (प्रोटीन उलगडून त्याला ऋण भार देणारे डिटर्जंट) जेलवर दिसणारे वजन हा अंदाज असतो. एकेरी फ्लॅगचे वजन जेमतेम १ किलोडाल्टन, तिहेरी फ्लॅगचे पावणेतीनच्या आसपास. पण फ्लॅगमध्ये आठपैकी पाच अॅस्पार्टिक आम्ले आहेत, आणि आम्लधर्मी भागांवर एसडीएस कमी बसते. परिणामी प्रोटीन हळू सरकते आणि आहे त्यापेक्षा जड दिसते. तुमच्या व्हेक्टरचा नकाशा उघडून पाहा: तिहेरी फ्लॅग आहे का, फ्लॅगच्या आधी मिक हा आणखी एक टॅगही बसवलेला आहे का, लिंकर किती लांब आहे. बाजारातल्या बऱ्याच तयार क्लोनमध्ये मिक आणि फ्लॅग दोन्ही असतात आणि वापरणाऱ्याला ते माहीत नसते. हे सगळे मिळवून तीन-चार किलोडाल्टन सहज भरतात, त्यावर हळू सरकण्याचा परिणाम वेगळा.

याने हिशेब जुळला नाही तर फॉस्फोरिलेशन किंवा ग्लायकोसिलेशन (प्रोटीनला फॉस्फेट किंवा साखर जोडली जाणे) तपासा. लायसेटचा एक भाग फॉस्फाटेजने (फॉस्फेट काढणारे एन्झाइम) आणि एक भाग पीएनजीएज-एफने (साखर काढणारे) हाताळून, एक भाग तसाच ठेवून, तिन्ही नमुने शेजारी शेजारी चालवले तर एका जेलमध्ये उत्तर मिळते. प्रोटीन पडद्यातून अनेकदा आरपार जाणारे असेल तर ९५ अंशांवर उकळू नका. अशी प्रोटीन्स उकळल्यावर एकमेकांना चिकटतात आणि विहिरीच्या तोंडाशीच अडकून राहतात. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवणे पुरते.

बँड वर आल्यापेक्षा खाली जास्तीचा बँड आला तर मी जास्त सावध होतो. तुमचा टॅग सी-टोकाला आहे, म्हणजे खालचा प्रत्येक बँड सी-टोक शाबूत असलेला तुकडा असणार: एकतर प्रोटीएजने (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने) समोरचा भाग कापला, किंवा रायबोसोमने पुढच्या एखाद्या एटीजीपासून (सुरुवातीच्या संकेतापासून) वाचायला सुरुवात केली. टॅग एन-टोकाला असता तर हेच तुकडे तुम्हाला दिसलेच नसते आणि ब्लॉट स्वच्छ वाटला असता. त्या स्वच्छ दिसण्यावर भिस्त ठेवू नये. माझ्या कामात महत्त्वाच्या प्रोटीनसाठी मी दोन्ही टोकांचे कन्स्ट्रक्ट बनवतो आणि शेजारच्या लेनमध्ये चालवतो. पूर्ण लांबीचा बँड दोन्हीकडे येतो, तुकडे एकाच बाजूला येतात, आणि कोणता तुकडा कुठून आला ते लगेच कळते.

दुसरी तक्रार, आयपीतला ५० चा बँड. इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण या एका बँडवर लोकांचे महिने जातात.

एम२ ही उंदराची आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) आहे. तिच्यात सुमारे ५० किलोडाल्टनच्या दोन जड साखळ्या आणि सुमारे २५ च्या दोन हलक्या साखळ्या असतात आणि त्या डायसल्फाइड बंधांनी जोडलेल्या असतात. आयपीसाठी एम२ बीड्सवर बसवली, शेवटी बीड्स एसडीएस आणि डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारे रसायन) घालून उकळले की बंध तुटतात आणि साखळ्या नमुन्यात उतरतात. मग त्याच ब्लॉटवर तुम्ही पुन्हा उंदराचीच एम२ लावता आणि वरून उंदराच्या आयजीजीला ओळखणारी सेकंडरी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटिबॉडीला धरून सिग्नल देणारी दुसरी अँटिबॉडी). सेकंडरीला मेम्ब्रेनवर उंदराची जड साखळी दिसली की ती बसणारच. रिकाम्या व्हेक्टरच्या लेनमध्येही बीड्स तेवढेच होते, म्हणून बँडही तेवढाच. तुमचे प्रोटीन ५२ ला धावते आणि ते नेमके या ढिगाखाली लपले आहे.

खात्री करायला एकच प्रयोग पुरे. बीड्स कुठल्याही लायसेटशिवाय उकळून एका लेनमध्ये चालवा आणि मेम्ब्रेनची ती पट्टी प्रायमरी न लावता फक्त सेकंडरीत ठेवा. ५० आणि २५ ला बँड आले तर तो तुमचा दोषी.

उपाय बरेच आहेत, पण सगळ्यात चांगला म्हणजे उकळणे सोडून पेप्टाइडने सोडवणे. बीड्स नीट धुवून झाल्यावर टीबीएस या मिठाच्या बफरमध्ये तिहेरी फ्लॅग पेप्टाइड १०० ते १५० मायक्रोग्रॅम प्रति मिली घ्या, ४ अंशांवर अर्धा तास हळू फिरवा, बीड्स खाली बसवून वरचे द्रावण काढा आणि हेच पुन्हा एकदा करा. दोन्ही वेळचे द्रावण आधी वेगवेगळे चालवून पाहा. बहुतेक माल पहिल्यातच येतो, पण प्रोटीनगणिक फरक पडतो. पेप्टाइड एम२ वरची जागा बळकावते आणि तुमचे प्रोटीन सुटते. अँटिबॉडी मात्र बीड्सवरच राहते. यात दोन फायदे आहेत. जड साखळी येत नाही हा एक. दुसरा मला जास्त मोलाचा वाटतो: बीड्सला नुसतेच चिकटलेले प्रोटीन पेप्टाइडने सुटत नाही, त्यामुळे जे सुटले ते टॅगमुळेच धरले गेले होते असे म्हणता येते. टॅग तिहेरी असेल तर पेप्टाइडही तिहेरीच हवे, एकेरी पेप्टाइड त्याला नीट हलवू शकत नाही.

पेप्टाइड नसेल तर अँटिबॉडी सहसंयोजक बंधाने पक्की जोडलेले बीड्स घ्या आणि सॅम्पल बफरमध्ये डीटीटी घालू नका. बंध न तुटल्याने साखळ्या बहुतांशी बीड्सवरच राहतात. वरचे द्रावण वेगळे काढून मगच त्यात डीटीटी घालायचे. याच कारणाने आयपीच्या लायसिस बफरमध्येही डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल नको. एम२ तिथेच उसवते. ब्लॉटच्या बाजूने सोडवायचे तर थेट एचआरपी (सिग्नल देणारे एन्झाइम) जोडलेली एम२ वापरा. मग सेकंडरीच नाही, आणि मेम्ब्रेनवरची जड साखळी कुणाला दिसत नाही. किंवा आयपी उंदराच्या अँटिबॉडीने आणि ब्लॉट सशाच्या अँटी-फ्लॅगने करा. सशाची सेकंडरी मात्र उंदराच्या आयजीजीला न चिकटणारी हवी. फक्त हलक्या साखळीला ओळखणारी सेकंडरीही मिळते. तुमचे प्रोटीन ५२ ला असल्याने ती तुम्हाला चालेल. ज्यांचे प्रोटीन २५ च्या जवळ आहे त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

तिसरी तक्रार सगळ्यात अवघड, कारण इथे अँटिबॉडी खरे सांगत असू शकते. पेशी सगळीकडून उजळली, तर प्रोटीन खरोखरच सगळीकडे असेल.

आधी रंगवण्यातला भाग बाजूला काढू. अस्थायी ट्रान्सफेक्शनची एक मोठी सोय अशी की एकाच दृश्यात ट्रान्सफेक्ट झालेल्या आणि न झालेल्या पेशी शेजारी शेजारी असतात. न झालेल्या पेशी काळ्या दिसायला हव्यात. त्यांच्यातही अंधूक उजेड असेल तर तो अँटिबॉडी जास्त झाल्याचा, ब्लॉकिंग कमी पडल्याचा किंवा सेकंडरीचा आहे. अशा वेळी एम२ चे प्रमाण क्रमाने कमी करत जा. माझ्या अनुभवात बहुतेक जण ती गरजेपेक्षा बरीच घट्ट वापरतात. प्रत्येक वेळी एक कव्हरस्लिप (पेशी वाढवलेली पातळ काच) फक्त सेकंडरीची ठेवा. कॅमेऱ्याचा एक्स्पोजर सगळ्या कव्हरस्लिपना एकच. प्रत्येक चित्राला वेगळा एक्स्पोजर दिला तर रिकामी पेशीही उजळ दाखवता येते.

न झालेल्या पेशी काळ्या आणि झालेल्या पूर्ण उजळ असतील, तर मामला अतिव्यक्तीचा, म्हणजे प्रोटीन फार जास्त बनण्याचा आहे. सीएमव्ही प्रमोटर (जनुक जोरात चालू ठेवणारा डीएनएचा भाग) एचईके पेशींत प्रोटीनचा पूर आणतो आणि त्या पुरात प्रोटीनच्या नेहमीच्या जागा भरून ते इतरत्र सांडते. प्लाझ्मिड दहापट कमी करा, आणि एकूण डीएनए तेवढाच राहावा म्हणून उरलेला भाग रिकाम्या व्हेक्टरने भरा. ४८ तासांऐवजी १६ ते २४ तासांनी पेशी फिक्स करा. मग सगळ्यात उजळ पेशी सोडून द्या आणि सगळ्यात मंद, पण स्पष्ट ट्रान्सफेक्ट झालेल्या पेशींकडे पाहा. खरी जागा तिथे दिसते. याहून पुढे जायचे तर क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने जनुकाच्या मूळ जागीच टॅग बसवणे हा मार्ग आहे. मेहनत खूप, पण प्रोटीन आपल्या नैसर्गिक प्रमाणात राहते.

आणि टॅग कुठे लावला हा प्रश्न उरतोच. बऱ्याच प्रोटीन्सचा पत्ता त्यांच्या टोकांवर लिहिलेला असतो. सी-टोकाला के-डी-ई-एल असेल तर प्रोटीन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये राहते, एस-के-एल असेल तर पेरॉक्सिसोममध्ये जाते, कॅक्स बॉक्स हा चार अमिनो आम्लांचा क्रम असेल तर त्याला लिपिड जोडले जाऊन ते पडद्याला चिकटते. पीडीझेड डोमेनला (इतर प्रोटीन्समधल्या एका पकड-भागाला) बसणारी शेपटेही सी-टोकालाच असतात. १९८७ मध्ये त्याच मन्रो आणि पेलहम यांनी दाखवले की के-डी-ई-एल काढून टाकले किंवा त्याच्यापुढे आणखी अमिनो आम्ले जोडली, तर एरवी आत राहणारे प्रोटीन पेशीबाहेर स्रवते. सी-टोकाला फ्लॅग लावणे म्हणजे नेमके तेच करणे. एन-टोकालाही हाच धोका: सिग्नल पेप्टाइड, मायटोकॉन्ड्रियाचा संकेत, मिरिस्टोइलेशनसाठी (लिपिड जोडण्यासाठी) लागणारे दुसऱ्या जागेवरचे ग्लायसिन, सगळे तिथे असते. सिग्नल पेप्टाइडच्या आधी टॅग लावला तर कापला जाताना टॅग त्याच्याबरोबर निघून जातो. तुमच्या प्रोटीनच्या शेवटच्या दहा अमिनो आम्लांची तुलना इतर प्राण्यांतल्या त्याच प्रोटीनशी करा. ती जशीच्या तशी टिकून असतील तर तिथे टॅग लावायला नको होता.

पडद्यावरच्या प्रोटीनसाठी आणखी एक छान युक्ती आहे. पेशी फिक्स करा, पण ट्रायटन (पडद्याला भोके पाडणारे डिटर्जंट) लावू नका, आणि एम२ घाला. टॅग पेशीबाहेर असेल तर कडेने बारीक रेघ दिसते, आत असेल तर काहीच दिसत नाही. मग शेजारची कव्हरस्लिप ट्रायटन लावून रंगवा. दोन चित्रांत टॅग कोणत्या बाजूला आहे ते ठरते. फिक्सिंगनेच काही पेशींचे पडदे थोडेफार फाटतात, म्हणून आतले एखादे प्रोटीन, उदाहरणार्थ ट्यूब्युलिन, त्याच कव्हरस्लिपवर रंगवून ते दिसत नाही ना हे पाहून घ्या.

आता टॅग बदलण्याबद्दल. हिस तुमच्या कामाला नको, हे मी ठामपणे सांगतो. हिस शुद्धीकरणासाठी उत्तम आहे. जिवाणूंत बनवलेले, भरपूर प्रमाणातले प्रोटीन अँटी-हिसने ब्लॉटवर दिसतेही. पण मानवी पेशींतच सलग पाच-सहा हिस्टिडिन असलेली प्रोटीन्स आहेत, त्यामुळे लायसेटमध्ये पार्श्वभूमी गढूळ होते. शिवाय अँटी-हिस क्लोनांच्या अटी वेगवेगळ्या: कुणाला सलग चार हिस्टिडिन पुरतात, कुणाला पाच लागतात, कुणाला टॅग अगदी सी-टोकाला मोकळा लागतो.

एचए चांगला पर्याय आहे. इन्फ्लुएन्झाच्या हिमॅग्लुटिनिनमधली नऊ अमिनो आम्ले, वाय-पी-वाय-डी-व्ही-पी-डी-वाय-ए. जुनी १२सीए५ उंदराची; ३एफ१० उंदराची नसून रॅटची आहे आणि टॅगला जास्त घट्ट धरते, पण तिला रॅटची सेकंडरी लागते हे ऑर्डर देताना विसरले जाते. पेशी मरण्याचा, म्हणजे अॅपॉप्टोसिसचा अभ्यास करत असाल तर एचए टाळा. पेशी मरताना चालू होणारी कॅस्पेज-३ आणि कॅस्पेज-७ ही एन्झाइम्स हा टॅगच कापतात आणि अँटिबॉडीला तो दिसेनासा होतो. प्रोटीन नष्ट झाले असे वाटते आणि नष्ट झालेला असतो फक्त टॅग. फ्लॅगचेही असे एक दुखणे आहे: पेशीबाहेर स्रवणाऱ्या प्रोटीनवर असेल तर गॉल्जीत त्याच्या टायरोसिनवर सल्फेट बसू शकते आणि एम२ ची पकड कमी होते. माध्यमात तुमचे प्रोटीन शोधताना बँड अनपेक्षित फिका आला तर हे आठवा.

मिकची ९ई१० ही अँटिबॉडी १९८५ सालापासून वापरात आहे. ती मानवी सी-मिकविरुद्धच बनवलेली आहे, त्यामुळे मानवी पेशींत मूळ मिकही ती ओळखते आणि ते साठच्या आसपास धावते. तुमचे प्रोटीन त्याच्या जवळच आहे, म्हणून मिकही तुम्हाला सोयीचा नाही. व्ही५ हा टॅग निर्धोक आहे. जीएफपी (हिरवे चमकणारे प्रोटीन) २७ किलोडाल्टनचा, म्हणजे मोठे ओझे. पण त्याच्यासाठी उंटवर्गीय प्राण्यांपासून मिळवलेल्या नॅनोबॉडीचे (छोट्या अँटिबॉडी-तुकड्याचे) बीड्स मिळतात. नॅनोबॉडी जेमतेम १५ किलोडाल्टनची, तिला जड-हलकी साखळी नाहीच, त्यामुळे तुमच्या ५० च्या बँडचा प्रश्नच उद्भवत नाही. आयपीनंतर मास स्पेक (वजन मोजून प्रोटीन्स ओळखणे) करायचे असेल तर मी तिकडेच वळेन.

कंट्रोलबद्दल. रिकामा व्हेक्टर तुम्ही लावता, ते बरोबर आहे, पण पुरेसे नाही. टॅग नसलेले तुमचेच प्रोटीन त्याच व्हेक्टरमध्ये घ्या. त्या लेनमध्ये काही दिसले तर ते टॅगमुळे नाही. शिवाय फ्लॅग लावलेले एखादे असंबंधित प्रोटीन घ्या, जमल्यास जवळपास तितक्याच प्रमाणात व्यक्त होणारे. आयपीत तुमच्या प्रोटीनबरोबर एखादा जोडीदार आला आणि तोच या असंबंधित प्रोटीनबरोबरही आला, तर तो जोडीदार तुमचा नव्हे. बाजारात तुमच्या प्रोटीनविरुद्धची अँटिबॉडी असेल तर तोच ब्लॉट तिनेही करा. २०१६ मध्ये अँटिबॉडी पडताळणीसाठी आंतरराष्ट्रीय गटाने जे पाच मार्ग सुचवले, त्यात टॅग लावलेले प्रोटीन व्यक्त करून दोन्ही अँटिबॉडींचे निकाल जुळवणे हा एक आहे. म्हणजे तुमचा कन्स्ट्रक्ट त्या दुसऱ्या अँटिबॉडीची परीक्षाही घेतो.

बारीकसारीक गोष्टी दोन-तीन. सोडियम अझाइड एचआरपीला मारते, म्हणून एचआरपी जोडलेली एम२ अझाइड असलेल्या बफरमध्ये पातळ करू नका. बँडचा मधला भाग पांढरा, पोकळ दिसला तर सिग्नल कमी नसून अति झाला आहे आणि तिथला सब्स्ट्रेट संपला आहे. कमी लायसेट भरा किंवा अँटिबॉडी पातळ करा. अशा ब्लॉटवरून मोजमाप करू नका.

तुमच्या जागी मी या क्रमाने जाईन. आधी व्हेक्टरचा नकाशा आणि प्रोटीनचे शेवटचे टोक तपासणे, त्याला पैसे लागत नाहीत. मग फक्त सेकंडरीची पट्टी. मग तिहेरी फ्लॅग पेप्टाइडने सोडवलेली आयपी, शेजारी टॅग नसलेले प्रोटीन. त्याच आठवड्यात प्लाझ्मिड दहापट कमी करून रंगवलेल्या पेशी. एवढे करूनही मंद पेशींत प्रोटीन सगळीकडेच दिसले आणि सी-टोक इतर प्राण्यांत टिकून असलेले निघाले, तर एन-टोकाला फ्लॅग असलेला कन्स्ट्रक्ट मागवा. एन-टोकाला सिग्नल पेप्टाइड असेल तर फ्लॅग त्याच्या कापण्याच्या जागेनंतर बसवायला सांगा.